सोळावं दान

दिवसभरात मी एकच वाक्य इतक्यांदा म्हणते की संध्याकाळी एसटीत बसल्यावरही ते तोंडातल्या तोंडात चालू राहतं. "सिस्टिम घेत नाही." मंचरच्या कचेरीत माझी खिडकी आहे. माणसं येतात. कुणाचं नाव एका कागदावर एक असतं आणि दुसऱ्यावर दुसरं, कुणाच्या अंगठ्याचा ठसा उमटत नाही. मी पडद्याकडे बघते, पडदा माझ्याकडे बघतो, आणि मी ते वाक्य म्हणते. समोरचा विचारतो, "मग काय करू?" ते मला माहीत नसतं. कंटाळा येतो, पण कंटाळा आला म्हणून खिडकी बंद करता येत नाही.

अशा वेळी मला सर आठवतात. सर खिडकीच्या त्या बाजूला उभे असते, तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला असता आणि शांतपणे विचारलं असतं, "कोणत्या नियमाने घेत नाही? पान क्रमांक सांगा."

सरांचं जुन्नरला, जुन्या बाजारपेठेतल्या एका बोळात, माडीवर टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. अकरा टाइपरायटर, आणि पुढे काळ बदलला म्हणून घेतलेले दोन कॉम्प्युटर. त्या दोन कॉम्प्युटरांसाठी दोन हजार साली मला ठेवलं. मी घोडेगावहून सकाळच्या एसटीने यायची. नुकताच डिप्लोमा झाला होता, आणि मला सगळं येतं असं माझं मत होतं. सर मला "मॅडम" म्हणत. माझ्या दुप्पट वयाचा माणूस मला मॅडम म्हणतो याचं पहिले आठ दिवस कौतुक वाटलं. मग कळलं, सर रोजचं टपाल घेऊन येणाऱ्यालाही "पोस्टमन साहेब" म्हणत.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं उन्हाळ्यातसुद्धा लावलेली, कानावर पेन्सिल. आणि तोंडात दोनच वाक्यं. एक, "पान क्रमांक?" आणि दुसरं, "राखून ठेवतो." पहिल्याचं उत्तर मिळालं नाही की दुसरं यायचं. एकदा नारायणगावहून टाइपरायटर दुरुस्त करून आणताना कंडक्टरने त्याचं सामानाचं तिकीट मागितलं. सरांनी नियम दाखवा म्हटलं. कंडक्टरही हट्टी निघाला. गाडी उभी, माणसं शिव्या देतायत, आणि हे दोघं स्टँडच्या केबिनमध्ये नियमावली उलगडून बसलेले. शेवटी सापडला नियम, तो कंडक्टरच्या बाजूचा होता. सरांनी तिकीट काढलं, कंडक्टरशी हस्तांदोलन केलं आणि परत आल्यावर दिवसभर खुशीत होते. हरून इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता त्या पुस्तकाबद्दल सांगायला हवं. सर पुण्याला गेले की रद्दीतून जाडजूड इंग्रजी पुस्तकं किलोवर आणायचे, मुलांना टाइप करायला उतारे हवेत म्हणून. टायपिंगच्या परीक्षेत 'स्टेटमेंट' नावाचा एक प्रश्न असतो, रकाने आखून तक्ता टाइप करायचा. त्या रद्दीत त्यांना एक पुस्तक मिळालं, त्यात तक्तेच तक्ते. तलवार, वजन, इजा. दोरखंड, लांबी, वजन. खेचर, ओझं, वेग. सरांना वाटलं कुठल्यातरी परदेशी सरकारच्या कोठाराची यादी असावी. तीन वर्षं जुन्नर तालुक्यातली पोरंपोरी त्या तक्त्यांवर स्टेटमेंट शिकली. आज बँकांमधून आणि पंचायत समितीतून बसलेली बरीच माणसं भाले आणि ढाली टाइप करून पास झालेली आहेत, आणि त्यांना ते माहीतही नाही.

मग एका सुट्टीत सरांनी ते पुस्तक पहिल्यापासून वाचलं. तो एक खेळ होता. टेबलाभोवती चारजणांनी बसायचं. एकाने सूत्रधार व्हायचं आणि एक राज्य सांगायचं, बाकीच्यांनी त्यात आपापला एक माणूस बनवायचा, आणि मग त्या माणसाचं जे होईल ते बोलून खेळायचं. माणसाला जमलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. "मॅडम," सर मला म्हणाले, "हे कायद्याचं पुस्तक आहे. फक्त ज्या राज्याचा हा कायदा, ते राज्य कुठेच नाही." हे सांगताना त्यांचा आवाज जरा कापत होता. देवाधर्माच्या गोष्टीतही मी त्यांचा आवाज असा ऐकला नव्हता.

सूत्रधार सर स्वतः, आणि मी येईपर्यंत त्यांच्या टेबलाला दोन माणसं मिळालेली होती. एक चाचा. त्यांच्या आजोबांच्या काळी घरात हातकागद व्हायचा, चाचा स्वतः बुकबाइंडर. बायको गेलेली, मुलगा भिवंडीला, डोळे अधू होत चाललेले. दुसरे आळ्याचे भाऊ, कांदा लावणारे, बाजाराला आले की वर यायचे. रविवारी दुपारी, चाचांची नमाज झाली की खेळ सुरू. कॉम्प्युटरची जादा बॅच संपवून मीही थांबायला लागले, घरी गेलं की पाहुणे बघायला येतात म्हणून.

भाऊंनी आपला माणूस पैलवान केला होता आणि त्याला बैलजोडी हवी होती. पुस्तकात फक्त खेचर होतं.

"खेचराचं काय घेऊन बसलाय, सर," भाऊ म्हणाले. "आमच्या शिवारात कुनी खेचर बघितलंय का? बैल लिवा की."

"बैल किती ओझं नेतो? पान क्रमांक?"

"पान क्रमांक माज्या गोठ्यात हाय. या बघायला."

सरांनी बैल राखून ठेवला. तीन आठवडे पैलवान पायी चालला.

चाचांनी तलवार घेतलीच नाही. पुस्तकात मजुरीने मिळणाऱ्या माणसांची यादी होती, त्यात सगळ्यात स्वस्त मशालजी. "मला तो द्या," चाचा म्हणाले. "लढणारे लढतील. कुणीतरी उजेड धरायला पाहिजे ना." बाकीचे पडले-झडले तरी नवा माणूस बनवून पुन्हा खेळायची मुभा होती. चाचांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की ते दुसरा माणूस बनवणार नाहीत. एकाला एकच जीव असतो, असं त्यांचं म्हणणं.

फासा नव्हताच. मिळणार कुठे? चाचांनी घरातल्या जुन्या हातकागदाच्या वीस चिठ्ठ्या कापल्या, आकडे घातले आणि त्या बिस्किटांच्या डब्यात टाकल्या. चिठ्ठी काढली की त्याला सगळे दानच म्हणायचे. वर्षभर झालं आणि सरांच्या लक्षात आलं की भाऊंना वीस जरा जास्तच येतात. वीसच्या चिठ्ठीचा कोपरा नखाने दुमडलेला सापडला.

"कांदा चाचपायची सवय हाय हाताला," भाऊ म्हणाले. लाजले नाहीत, पण त्या दिवशी चहा त्यांनी पाजला.

या पुस्तकाची एक मोठी खोड होती. त्याच्या मधली सोळा पानं नव्हती. रद्दीतच गळली असणार. पासष्ट ते ऐंशी. आणि माणूस उंचावरून पडला तर काय होतं, ते नेमकं त्या पानांत. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आपणच ठरवू. सर म्हणायचे, "आपल्याला दिसत नाही म्हणून नियम नाही असं होत नाही. तो आहे. फक्त आपल्यापाशी नाही."

आणि मशालजी पडला. डोंगरातल्या लेण्याच्या पायऱ्या चढताना, भाऊंच्या पैलवानाला वाट दाखवता दाखवता, कड्यावरून गेला. तो खाली पोचला का, जिवंत पोचला का, हे कुणालाच सांगता येईना. सरांनी वहीत लिहिलं, 'राखीव'.

किती उंचीवरून पडला हे तरी नक्की करायला हवं म्हणून सर आम्हाला लेण्याद्रीला घेऊन गेले. खेळात सांगितलेल्या लेण्याच्या पायऱ्या त्यांच्या मनात तिथल्याच होत्या. दोरीला दगड बांधून कठड्यावरून खाली सोडला, मी खालून ओरडून सांगायचे. नारळवाल्या बाईने विचारलं, "काय सर, काय मोजताय?" सर म्हणाले, "माणूस पडलाय." आम्ही जुन्नरला परत येईपर्यंत बातमी आमच्या पुढे पोचली होती, आणि चौकीतला हवालदार माडीवर येऊन बसला होता. पडलेला माणूस पुस्तकातला आहे हे त्याला पटायला चहाचे दोन कप लागले. जाताना तो म्हणाला, "सर, आता निदान उचलायला तरी जाऊ नका."

मशालजी अकरा महिने अधांतरी होता. चाचा दर रविवारी यायचे, भाऊंचा खेळ बघायचे, जाताना विचारायचे, "उत्तर आलं का?" कारण तोवर माडीवर इंटरनेट आलं होतं. फोनची तार काढून कॉम्प्युटरला लावायची, तो कण्हून-कुंथून जोडला जायचा, आणि मी सरांनी टाइप करून दिलेला प्रश्न परदेशात तो खेळ खेळणाऱ्यांच्या एका मंडळावर टाकायची. प्रश्न अर्जासारखा असायचा. महोदय, वरील विषयास अनुसरून. उत्तरं आली. सात जणांची नऊ मतं. बहुतेकांचं म्हणणं एकच, तुमचं टेबल आहे, तुम्हाला वाटेल ते ठरवा, मजा करा.

सर फार दुखावले. "एवढी शिकलेली माणसं," ते म्हणाले, "आणि म्हणतात वाटेल ते ठरवा. वाटेल ते ठरवायचं असतं तर पुस्तक कशाला छापलं?"

मग चाचांनीच विषय काढला. मुलगा भिवंडीला ये म्हणून मागे लागला होता, जुन्नरचं घर विकायचं म्हणत होता. चाचांना जायचं नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून मी काय करू, असं ते मला एकदा जिन्यात म्हणाले होते. पण इथे राहायला तरी कारण काय, तेही त्यांना सांगता येत नव्हतं.

"सर, आता निकाल द्या," ते म्हणाले. "माणूस असा लटकता ठेवू नये. मशालजी गेला असेल तर मी पण जातो पोराकडे. राहिला तर राहतो. मुलाला तसं कळवलंय."

भाऊ हसायला गेले आणि थांबले. चाचा चेष्टा करत नव्हते.

त्याच आठवड्यात एकाचं उत्तर आलं. त्याने सगळा नियम उतरवून काढला होता, पान एकाहत्तर. इतक्या उंचीवरून पडलेला माणूस एकाच दानावर वाचतो, वीस पडलं तर. सरांनी तो कागद छापून घेतला आणि बराच वेळ हातात धरून बसले. पान क्रमांक आला होता. आता राखून ठेवता येणार नव्हतं.

मी म्हटलं, "सर, कुणाला कळणार आहे? दहाच्या वर आलं तर वाचला म्हणा."

त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि 'वीस'खाली पेन्सिलने रेघ ओढली.

चिठ्ठ्यांवरचा विश्वास भाऊंच्या नखाने घालवला होता, म्हणून त्याआधी दोन आठवड्यांपासून दान कॉम्प्युटरवर पडत होतं. तो प्रोग्रॅम माझा. बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेतल्या तीन ओळी. एंटर दाबलं की एक ते वीसमधला एक आकडा. मी स्वतःच्या डोक्याने केलेली ती पहिली गोष्ट. सरांनी तो चार दिवस तपासला होता, प्रोग्रॅम चालू ठेवून दिवसभर एंटर दाबत आणि वहीत रेघा ओढत. सगळे आकडे सारखेच येतात म्हणून त्यांनी मला लेखी पसंती दिली होती, सही-शिक्क्यासकट. मी ती घरी आईला दाखवली होती.

कॉम्प्युटरवरच्या दानाचा तो तिसरा रविवार. चाचा आंघोळ करून, अत्तर लावून आले होते. मी कॉम्प्युटर सुरू केला, प्रोग्रॅम लावला. मला वाटलं, सर लगेच चाचांचं दान मागतील. पण सर म्हणाले, "आधी पैलवान कुठे आहे ते बघू. दरवाजा उघडतो का? एंटर." पंधरा. मग बैल बिथरतात का. अकरा. मग कुत्रं भुंकतं का, पाऊस येतो का, पैलवानाला तहान लागली का. मला चीड यायला लागली. समोर चाचा हातात हात धरून बसलेले, आणि हे कुत्र्याचं दान टाकतायत. एकदा मी न सांगता एंटरवर बोट नेलं तर सरांनी कीबोर्डवर आपली लाकडी पट्टी आडवी ठेवली. "माझ्या शब्दाशिवाय नाही, मॅडम." त्यांच्या कपाळावर घाम होता.

भाऊ एरवी प्रत्येक दानाला कटकट करायचे. त्या दिवशी निमूट होते. सर चौदाव्या दानापाशी थांबले, काहीतरी आठवत असल्यासारखे. चष्मा काढला, पुसला, घातला. तेव्हा भाऊच म्हणाले, "सर, वाऱ्याचं बघायचं ऱ्हायलंय. वारा कुनीकडचा हाय ते बी बघा की."

"हो," सर म्हणाले. "वारा बघितलाच पाहिजे. एंटर."

आठ.

"आता मशालजी. एंटर."

वीस.

चाचांनी डोळे मिटले होते, त्यांना मी सांगितलं. त्यांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि मग रुमालाने नाक पुसलं. भाऊ उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. सरांनी नेहमीप्रमाणे टाइपरायटर ओढला आणि त्या दिवसाच्या सगळ्या दानांचं स्टेटमेंट कार्बन घालून टाइप केलं. अनुक्रमांक, कारण, आकडा. प्रत्येकाला एक प्रत. प्रत्येक रविवारी ते असं करायचे, आणि ती प्रत मी कधी वाचत नसे.

पुढच्या रविवारी गेले तर कॉम्प्युटरवर कव्हर घातलेलं, आणि टेबलावर पुन्हा बिस्किटांचा डबा.

"यंत्र नको," सर म्हणाले. "चिठ्ठ्या बऱ्या. चाचांनी नव्या कापल्यात."

"का पण? तुम्हीच पास केला होता."

"यंत्र चांगलं आहे. पण नको."

पान क्रमांक विचारायला हवा होता. मी विचारला नाही, फुगून बसले. त्यांना वीस पडलेलं खपलं नाही, असाच मी अर्थ लावला. नियमाने चाचा जायला हवे होते, माझ्या यंत्राने वाचवले, म्हणून यंत्रावर राग. आठ महिन्यांनी माझं लग्न ठरलं आणि नोकरी सुटली. सरांनी आहेरात त्या स्टेटमेंटांच्या माझ्या सगळ्या प्रती चाचांकडून बांधून दिल्या, हिरव्या कापडात. बाकीच्यांनी मिक्सर, कुकर दिले होते. मी ती बांधणी ट्रंकेत टाकली.

चाचा पाच वर्षं जुन्नरलाच राहिले आणि तिथेच गेले. सर त्यानंतर फार टिकले नाहीत. दोन्ही वेळेला मी गेले नाही. एकदा रजा नव्हती, एकदा रजा होती आणि तरी गेले नाही.

गेल्या वर्षी कचेरीत एका यादीची सोडत कॉम्प्युटरवर काढायची होती. रंगीत तालमीला जी नावं आली, तीच दुसऱ्या दिवशी, त्याच क्रमाने. पुण्याहून आलेला इंजिनिअर हसून म्हणाला, "मॅडम, सुरुवातीची एक ओळ राहिलीय यात. ती नसली की मशीन दरवेळी सुरू केल्यावर तेच आकडे देतं, त्याच ओळीने." ती ओळ कोणती ते त्याने दाखवलं. मी ती माझ्या आयुष्यात कधी लिहिली नव्हती.

घरी आले. ट्रंक काढली. जुन्या कॉम्प्युटरवर त्याच तीन ओळी लिहिल्या आणि हिरवी बांधणी शेजारी उघडून बसले. पंधरा, दरवाजा. अकरा, बैल. बारा, कुत्रं. सहा, सात, सोळा, एक. पानावर तेच, पडद्यावर तेच. आधीच्या दोन रविवारच्या पानांवरही वरून तेच. पंधरावं दान वारा, आठ. सोळाव्यांदा एंटर दाबलं, तेव्हा काय येणार हे मला माहीत होतं.

सूत्रधाराने केव्हाही, कशासाठीही दान मागावं, असा नियम पुस्तकात पहिल्याच पानांत होता. सरांनी एकही नियम मोडला नव्हता.

मी आळ्याला भाऊंना फोन लावला. आता ते थकलेत, कांदा मुलं बघतात. म्हटलं, "भाऊ, त्या दिवशीचं सोळावं दान. तुम्हाला माहीत होतं?"

"सातव्याला एक," भाऊ म्हणाले. "पयल्या रविवारी माजी तलवार पडली, दुसऱ्या रविवारी बैल घसरला. दोनी येळंला सातवंच. मी म्हनलं ह्यात कायतरी हाय. कागदं काडून बघितली घरी. मग तिसऱ्या रविवारी सर कुत्र्याचं दान मागाया लागले, तवाच वळाकलं म्या."

"चाचांना?"

"न्हाई. चाचाला कुनी कशाला सांगंल? त्यानं तर देवाचे आभार मानले."

"आणि मला? मला का नाही कुणी सांगितलं? मी आठ महिने त्या माणसाशी धड बोलले नाही, भाऊ."

मागे कुणीतरी मोटार चालू केली, ती बंद होईपर्यंत भाऊ थांबले.

"मी म्हनलं व्हतं सरांना, स्टँडवर. मॅडम लई रागावल्यात, सांगून टाका. तर म्हनले, नको. त्यांनी पहिल्यांदाच कायतरी मन लावून केलंय. माज्यावर चिडल्या तर चिडू दे, स्वतःची लाज वाटाया नको."